कर्नल अपग्रेडनंतर हार्डवेअर मंदावले तर: दोष नेमका कुठे आहे हे शोधण्याची पद्धत

लिनक्सचे कर्नल, म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्राम यांच्यामधला ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, नव्या आवृत्तीवर नेले, संगणक व्यवस्थित सुरू झाला, सर्व उपकरणे ओळखली गेली, लॉगमध्ये ठळक अशी एकही त्रुटी नाही; आणि तरीही डिस्कचा वेग आधीपेक्षा कमी भरतो किंवा नेटवर्क कार्ड पूर्वीइतका भार पेलत नाही. पूर्ण बंद पडलेल्या उपकरणापेक्षा असे मंदावलेले उपकरण तपासायला अवघड असते, कारण बोट ठेवावे अशी जागाच दिसत नाही. बहुतेकांचा पहिला संशय उपकरण चालवणाऱ्या ड्रायव्हरच्या कोडवर जातो. माझ्या मते मात्र तो कोड सर्वांत शेवटी तपासावा. पुष्कळदा उपकरणाला दुसराच ड्रायव्हर जोडला गेलेला असतो, किंवा ड्रायव्हर तोच राहून त्याची डीफॉल्ट मूल्ये बदललेली असतात, किंवा इंटरप्ट (उपकरणाने प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी दिलेला संकेत), वीजबचत, मेमरीचे मॅपिंग आणि सुरक्षेचे उपाय ही त्याच्या भोवतीची यंत्रणा निराळी वागू लागलेली असते. त्यामुळे तर्क लढवत बसण्याऐवजी जुन्या आणि नव्या कर्नलवरची स्थिती नोंदवून ती शेजारी शेजारी ठेवणे हाच जवळचा मार्ग ठरतो, आणि पुढील सर्व पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

या लेखात कमांड, फायली आणि पर्याय यांची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती मूळ रोमन अक्षरांतच टंकावीत.

१. जुने कर्नल जपून ठेवा

तुलना करायला जुने कर्नल उरलेच नसेल तर पुढची सारी मेहनत अंदाजावर चालते. बहुतेक वितरणे नव्या कर्नलबरोबर आधीची एखाददुसरी आवृत्तीही ठेवतात आणि ग्रब या बूट-मेनूच्या प्रगत पर्यायांच्या यादीतून ती निवडून बूट करता येते. फेडोरामध्ये डीफॉल्टनुसार तीन कर्नल राहतात, म्हणजे आणखी दोन-तीन अपग्रेड झाले की चांगले चालणारे कर्नल आपोआप काढले जाते. उबुंटू आणि डेबियनमध्येही अनावश्यक पॅकेजेस साफ करण्याच्या कमांडमुळे असेच घडू शकते. म्हणून वेग कमी झाल्याचे लक्षात येताच पॅकेज व्यवस्थापकाला ते जुने कर्नल न काढण्याची सूचना द्यावी आणि त्याची कॉन्फिगरेशन फाइल, जी सहसा बूट डिरेक्टरीत असते, वेगळ्या जागी जपून ठेवावी. ही फाइल पुढे दोनदा लागणार आहे.

२. तक्रारीचे आकड्यात रूपांतर करा

‘संगणक हळू वाटतो’ या वाक्यावरून काहीही शोधता येत नाही. एक मोजमाप निवडावे, ते काही मिनिटांत पूर्ण होणारे असावे आणि त्याच कर्नलवर पुन्हा पुन्हा चालवल्यास जवळपास तोच आकडा देणारे असावे. डिस्कसाठी एफआयओ, नेटवर्कसाठी आयपर्फ३ ही साधने सर्वत्र वापरली जातात. एफआयओ चालवताना पेज कॅश टाळणारा डायरेक्ट पर्याय लावला नाही, तर मोजमाप डिस्कचे न होता मेमरीचे होते आणि आकडा कितीही सुंदर दिसला तरी निरुपयोगी ठरतो. डिस्कचे मोजमाप शक्यतो केवळ वाचनाचे ठेवावे. थेट डिस्कच्या उपकरण-फाइलवर लेखनाची चाचणी चालवली तर त्यावरचा डेटा नष्ट होतो. वाचनातही मोठ्या ब्लॉकचे सलग वाचन आणि ४ केबीचे विखुरलेले वाचन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: पहिल्यात बसची क्षमता दिसते, दुसऱ्यात प्रत्येक मागणीमागे कर्नल किती काम करतो ते दिसते. कर्नल बदलल्यानंतरचा बिघाड पुष्कळदा फक्त दुसऱ्यात उमटतो.

प्रत्येक कर्नलवर एकच चाचणी पाच-सात वेळा घ्यावी, मध्यक पाहावा आणि आकड्यांचा पसाराही टिपावा. जुन्या कर्नलवरच आकडे दहा टक्क्यांनी वरखाली होत असतील, तर आठ टक्क्यांच्या फरकावरून कोणताही निष्कर्ष निघत नाही. आधी मोजमाप स्थिर करावे लागते. त्यासाठी प्रोसेसरची वारंवारता ठरवणारा गव्हर्नर दोन्हीकडे ‘परफॉर्मन्स’वर ठेवून एक फेरी घ्यावी, पार्श्वभूमीतली कामे थांबवावीत आणि यंत्र तापलेले असताना एक फेरी व थंड असताना दुसरी असे होऊ देऊ नये. गव्हर्नर एकसारखा केल्यावर फरक नाहीसा झाला, तर कारणच हाती लागले: दोष उपकरणाच्या ड्रायव्हरचा नसून प्रोसेसरच्या वारंवारतेच्या धोरणाचा आहे. अशी उदाहरणे दुर्मीळ नाहीत. कर्नल ६.५ पासून योग्य त्या एएमडी प्रोसेसरवर एएमडी-पीस्टेट ड्रायव्हर डीफॉल्टनुसार सक्रिय पद्धतीने चालू लागला, आणि ६.६ मध्ये प्रक्रियांना वेळ वाटून देणारा जुना सीएफएस शेड्यूलर जाऊन त्याजागी ईईव्हीडीएफ आला. अशा बदलांचा परिणाम वापरकर्त्याला डिस्क किंवा नेटवर्कमध्ये जाणवू शकतो, जरी त्या उपकरणांच्या ड्रायव्हरची एक ओळही बदललेली नसली तरी.

३. अपग्रेडमध्ये आणखी काय आले ते वेगळे काढा

एकाच अपग्रेडमध्ये कर्नलसोबत लिनक्स-फर्मवेअर पॅकेज (उपकरणांच्या आत चालणारे सॉफ्टवेअर), प्रोसेसरचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतील सूचनांच्या दुरुस्त्या), ग्राफिक्सची मेसा लायब्ररी आणि सिस्टमडी हेही बदललेले असू शकतात. पॅकेज व्यवस्थापकाच्या इतिहासात त्या दिवशीची पूर्ण यादी मिळते. निकष सोपा आहे: बाकी सर्व पॅकेजेस नवी ठेवून फक्त जुने कर्नल बूट केले आणि वेग परत आला, तर शोध कर्नलच्या हद्दीत आहे. वेग परत आला नाही, तर कर्नलला मोकळे करून इतर पॅकेजेसकडे वळावे. यातही एक खाच आहे. मायक्रोकोड आणि काही फर्मवेअर इनिट-रॅमएफएस या बूटच्या सुरुवातीला लोड होणाऱ्या प्रतिमेत बांधलेले असतात आणि ही प्रतिमा प्रत्येक कर्नलची वेगळी असते; त्यामुळे जुन्या कर्नलबरोबर जुना मायक्रोकोडही लोड होत असेल, तर आपण एकाच वेळी दोन गोष्टी बदलत असतो. दोन्ही कर्नलवर /प्रॉक/सीपीयूइन्फो या फाइलमधील मायक्रोकोडची आवृत्ती पडताळून घ्यावी.

४. उपकरणाला कोणता ड्रायव्हर जोडला गेला आहे?

एलएसपीसीआय कमांडला ‘के’ पर्याय दिला की प्रत्येक उपकरणाखाली प्रत्यक्षात वापरात असलेला ड्रायव्हर दिसतो. दोन्ही कर्नलवर ही यादी फायलीत साठवून डिफ कमांडने ताडून पाहावी. येथेच पुष्कळ प्रकरणे संपतात.

कर्नलबाहेरचे ड्रायव्हर, म्हणजे उत्पादकाकडून वेगळे मिळणारे आणि डीकेएमएसद्वारे प्रत्येक कर्नलसाठी नव्याने बांधले जाणारे मॉड्यूल, नव्या कर्नलच्या अंतर्गत इंटरफेसशी जुळले नाहीत तर बांधणी अयशस्वी होते आणि यंत्रणा निमूटपणे कर्नलमधल्या पर्यायी ड्रायव्हरवर जाते. एनव्हिडियाच्या मालकी ड्रायव्हरऐवजी कर्नलमधला नूवो चालू झाला, तर मॅक्सवेलच्या दुसऱ्या पिढीपासून पुढच्या अनेक कार्डांवर सही केलेल्या फर्मवेअरच्या अटीमुळे त्याला घड्याळाची गती वाढवता येत नव्हती, आणि त्यामुळे ग्राफिक्सचा वेग कोसळलेला दिसे. रिअलटेकच्या गिगाबिट कार्डांबाबत कर्नलमधला आर८१६९ आणि उत्पादकाचा आर८१६८ अशी जोडी आहे. अपग्रेडमध्ये एकाची जागा दुसऱ्याने घेतली, तर वेग आणि वीजबचतीचे वागणे दोन्ही बदलू शकते. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेले मॉड्यूल कर्नल नाकारते, आणि त्याची नोंद डीमेसेगमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या लॉगमध्ये) एका साध्या ओळीत येते. म्हणून डीकेएमएसची स्थिती, मॉडइन्फोने दाखवलेली मॉड्यूलची फाइल आणि आवृत्ती, व डीमेसेग या तिन्ही गोष्टी एकत्र वाचाव्यात.

डीमेसेगमध्ये ‘फर्मवेअर’ हा शब्द शोधायला विसरू नये. नवा ड्रायव्हर फर्मवेअरची नवी आवृत्ती मागतो, ती डिस्कवर नसते, तेव्हा लोड अयशस्वी झाल्याची उणे २ या क्रमांकाची त्रुटी येते आणि मग काही ड्रायव्हर जुन्या फर्मवेअरवर किंवा कमी सुविधांवर काम चालू ठेवतात. विशेषतः वाय-फाय कार्डांबाबत हे तपासावेच. जर्नलसीटीएलने आधीच्या बूटचे कर्नल संदेशही काढता येतात, त्यामुळे तुलनेसाठी दरवेळी यंत्र पुन्हा सुरू करावे लागत नाही.

यूएसबीवरच्या बाह्य डिस्कसाठी एलएसयूएसबीचा वृक्षरूप पर्याय वापरावा. त्यात प्रत्येक उपकरणापुढे वेग आणि ड्रायव्हर दोन्ही असतात. आधी ५००० एम आणि यूएएस (यूएसबी डिस्कचा वेगवान ड्रायव्हर) दिसत असेल व आता यूएसबी-स्टोरेज (जुना, हळू ड्रायव्हर) दिसत असेल, तर कर्नलने त्या चिपसाठी यूएएस बंद करणारा अपवाद जोडला असण्याची शक्यता आहे. असे अपवाद बहुधा डेटा खराब होणे किंवा उपकरण अडकणे टाळण्यासाठी येतात, तेव्हा ते जबरदस्तीने उलटवण्यापूर्वी दोनदा विचार करावा. वेगच ४८० एम झाला असेल, तर उपकरण यूएसबी २ वर उतरले आहे आणि प्रश्न केबल, पोर्ट किंवा होस्ट कंट्रोलरपर्यंत जातो.

५. तोच ड्रायव्हर, पण भोवताल बदललेला

ड्रायव्हर बदललेला नाही हे निश्चित झाल्यावर त्याच्या भोवतीची स्थिती तपासायची. हा सर्वांत मोठा आणि सर्वांत फलदायी टप्पा आहे, म्हणून येथे घाई करू नये.

पीसीआय-एक्सप्रेसच्या जोडणीपासून सुरुवात करावी. एलएसपीसीआयला प्रशासकाच्या अधिकाराने आणि दुहेरी ‘व्ही’ पर्यायासह चालवले की उपकरणाची क्षमता आणि सध्याची स्थिती अशा दोन ओळी दिसतात. तिसऱ्या पिढीच्या चार लेनची जोडणी ८ गिगाट्रान्स्फर प्रति सेकंद या गतीने चालते आणि सैद्धांतिकदृष्ट्या सेकंदाला सुमारे ३.९ जीबी वाहून नेते. स्थितीच्या ओळीत लेन दोनच असतील किंवा गती २.५ वर अडकलेली असेल, तर एनव्हीएमई डिस्क कितीही चांगली असली तरी ती त्या मर्यादेपुढे जाणार नाही. मात्र ही तपासणी उपकरणावर भार असताना करावी. ग्राफिक्स कार्डे निष्क्रिय असताना वीज वाचवण्यासाठी मुद्दाम जोडणीची गती कमी करतात, आणि ती पाहून चुकीचा निष्कर्ष काढणे सोपे असते.

त्यानंतर इंटरप्ट. /प्रॉक/इंटरप्ट्स ही फाइल चाचणीच्या आधी आणि नंतर साठवून दोन्हींतला फरक काढला की कोणत्या प्रोसेसर-कोअरवर किती इंटरप्ट आले ते कळते. जुन्या कर्नलवर कार्डाला एमएसआय-एक्स या इंटरप्ट पद्धतीच्या आठ क्यू (कामाच्या रांगा) मिळाल्या होत्या आणि नव्यावर सर्व काम एकाच इंटरप्टमधून एकाच कोअरवर येत आहे, असे दिसले तर मंदावण्याचे कारण समोरच आहे. मग असे का झाले, हा पुढचा प्रश्न: ड्रायव्हरने क्यूंची डीफॉल्ट संख्या बदलली, एमएसआय सुरू करणे फसले, की इंटरप्ट वेगवेगळ्या कोअरवर वाटणारी आयआरक्यूबॅलन्स ही सेवाच चालू झाली नाही?

वीजबचतीचे तपशील तिसरे. पीसीआय-एक्सप्रेस जोडणीची वीजबचत, म्हणजे एएसपीएम, कोणत्या धोरणाने चालते ते पीसीआयई-एएसपीएम मॉड्यूलच्या पॉलिसी पॅरामीटरमध्ये दिसते. एनव्हीएमई डिस्क स्वतःहून खालच्या वीज-स्थितीत जाण्याची सुविधा कर्नल ४.११ मध्ये आली. खोल स्थितीतून बाहेर यायला लागणारा वेळ तुरळक मागण्यांच्या भारात स्पष्ट दिसतो, पण सलग भारात दिसतच नाही. त्यामुळे ‘बेंचमार्क ठीक, प्रत्यक्ष वापर मंद’ असे विसंगत चित्र असेल तर वीजबचतीवर आधी संशय घ्यावा. एनव्हीएमई-कोअर मॉड्यूलच्या डीफॉल्ट कमाल विलंबाच्या पॅरामीटरला शून्य दिले की ही सुविधा बंद होते आणि पडताळणी एका बूटमध्ये होते. प्रोसेसरच्या खोल सी-स्थितींसाठीही (झोपेच्या पातळ्यांसाठीही) हाच तर्क लागू पडतो. त्या सीपीयूपॉवरने तात्पुरत्या बंद करून लहान पॅकेटांचा विलंब पुन्हा मोजावा.

कालमापनाचा स्रोत तपासायला एक क्षण लागतो, पण तो तपासण्याचे फार थोड्यांना सुचते. नव्या कर्नलने टीएससी (प्रोसेसरमधला जलद कालमापक) अस्थिर ठरवून एचपीईटी (प्रोसेसरबाहेरचा मंद कालमापक) निवडला असेल, तर वेळ विचारणारी प्रत्येक कृती कित्येक पटींनी महाग होते, आणि नेटवर्क व डिस्कच्या मार्गात वेळ सतत विचारली जाते. सिसएफएसमधील (कर्नलची स्थिती फायलींच्या रूपात दाखवणाऱ्या /सिस डिरेक्टरीतील) क्लॉकसोर्सच्या डिरेक्टरीतली ‘करंट क्लॉकसोर्स’ ही फाइल वाचली की उत्तर मिळते. टीएससी का नाकारला याची ओळ डीमेसेगमध्ये सापडते.

आयओएमएमयूची, म्हणजे उपकरणांच्या मेमरी-प्रवेशावर नियंत्रण ठेवणाऱ्या हार्डवेअरची, गोष्ट थोडी वेगळी आहे. उपकरणाने मेमरीतल्या फक्त परवानगी दिलेल्या भागालाच हात लावावा यासाठी कर्नल प्रत्येक डीएमए (उपकरणाने प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरी वापरणे) मॅपिंगची नोंद ठेवतो. कडक पद्धतीत मॅपिंग काढताच आयओएमएमयूचा कॅशही लगेच साफ केला जातो. सैल पद्धतीत ही सफाई एकत्रितपणे उशिरा होते. वितरणाने कर्नलच्या कॉन्फिगरेशनमध्ये यातले डीफॉल्ट बदलले, किंवा आधी बंद असलेले आयओएमएमयू चालू केले, तर लहान पॅकेटांच्या वेगवान कार्डांवर आणि एनव्हीएमईच्या ४ केबी वाचनावर त्याचा भार दिसतो. पडताळणीसाठी आयओएमएमयू-स्ट्रिक्टला शून्य किंवा आयओएमएमयू-पासथ्रूला एक देऊन एकदा बूट करावे. कायमचा निर्णय घेताना लक्षात ठेवावे की पासथ्रूमध्ये उपकरणापासूनचे संरक्षण जाते.

सुरक्षेच्या उपायांचे वजन कमी लेखू नये. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले सुरक्षादोष उघड झाल्यानंतर कर्नलमध्ये आलेल्या रेटपोलिन या उपायामुळे फंक्शन-पॉइंटरमार्फत होणारी प्रत्येक अप्रत्यक्ष हाक महाग झाली. डीएमएची कामे अशाच हाकांतून होत असल्याने वेगवान नेटवर्क ड्रायव्हरना त्याचा फटका बसला, आणि पुढे कर्नल ५.० मध्ये साध्या मॅपिंगसाठी थेट हाक मारण्याची सोय करण्यात आली. ४.२० च्या तयारीच्या काळात एसटीआयबीपी हा उपाय सर्व प्रक्रियांना सरसकट लागू झाला होता. वेग लक्षणीय घटल्याने लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याला आक्षेप घेतला आणि तो मर्यादित करण्यात आला. २०२२ च्या रेटब्लीड या दोषानंतरही असेच उपाय आले. सिसएफएसमध्ये प्रोसेसरखाली ‘व्हल्नरेबिलिटीज’ नावाची डिरेक्टरी असते. तिच्यातल्या सर्व फायली दोन्ही कर्नलवर वाचून ताडाव्यात. ५.२ पासून मिळणारा ‘मिटिगेशन्स’ हा बूट-पर्याय ‘ऑफ’ करून एक फेरी घेतली की या उपायांचा एकूण वाटा किती ते कळते. ही केवळ निदानाची फेरी आहे. अनोळखी कोड चालणाऱ्या यंत्रावर तो पर्याय कायम ठेवणे योग्य नाही.

शेवटी दोन्ही कर्नलच्या कॉन्फिगरेशन फायली. कर्नलच्या स्रोतातील डिफकॉन्फिग ही स्क्रिप्ट फक्त बदललेले पर्याय दाखवते. केएएसएएन किंवा लॉकडेप यांसारखे डीबगचे पर्याय चालू असतील तर पुढे काही शोधण्याची गरजच नाही. चाचणी आवृत्त्यांचे कर्नल काही वितरणे डीबग पर्यायांसह बांधतात आणि त्यांचा वेग मोजण्यात अर्थ नसतो. मेमरी वाटताना ती शून्याने भरणारा इनिट-ऑन-अलॉक हा ५.३ मधला पर्यायही पाहावा, कारण सतत नवी पाने मागणाऱ्या ड्रायव्हरवर त्याचा भार पडतो.

६. उपकरणाच्या प्रकारानुसार नेमके काय पाहावे

डिस्कसाठी सिसएफएसमधील त्या उपकरणाची ‘क्यू’ डिरेक्टरी पूर्ण वाचावी: शेड्यूलर (डिस्ककडच्या मागण्यांचा क्रम ठरवणारा), रीड-अहेड आणि राइट-कॅश या तीन फायलींत बहुतेक फरक सापडतात. कर्नल ५.० मध्ये जुना एकक्यू ब्लॉक-स्तर काढून टाकण्यात आला आणि त्याबरोबर सीएफक्यू, जुना डेडलाइन व नूप हे शेड्यूलरही गेले. त्यामुळे ‘सीएफक्यू’ असे नाव लिहिणारी एखादी जुनी स्क्रिप्ट किंवा युडेव्हचा नियम आज काहीच न करता पुढे जात असू शकतो, आणि डिस्क वितरणाच्या डीफॉल्ट शेड्यूलरवर राहते. फिरत्या डिस्कवर हा फरक मोठा असतो. वेगवान एनव्हीएमईवर बहुधा ‘नन’ हेच योग्य असते.

नेटवर्कसाठी ईथटूल या साधनाची पाच दालने टिपावीत: ऑफलोडच्या सुविधा (कार्डाकडे सोपवलेली कामे), इंटरप्ट एकत्रीकरण, रिंगचे (पॅकेटांच्या बफरचे) आकार, क्यूंची संख्या आणि आकडेवारीतील गळालेली पॅकेटे. गिगाबिट जोडणीवर टीसीपीचा वेग सुमारे ९४० मेगाबिटपर्यंत जातो. तो ९४ च्या आसपास असेल तर ड्रायव्हर सोडून आधी जोडणीची गती पाहावी, ती बहुधा १०० मेगाबिटवर ठरलेली असते. आणखी एक फसवी शक्यता आहे. नव्या कर्नलमध्ये ड्रायव्हर पोर्टचे नाव वेगळे कळवू लागला, तर इंटरफेसचे नाव बदलते. आयपी पत्ता आपोआप मिळतो म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, पण रिंग आणि क्यू वाढवणारी आपली स्क्रिप्ट जुन्याच नावावर चालून व्यर्थ जाते.

ग्राफिक्ससाठी जीएलएक्सइन्फोने दाखवलेले रेंडररचे नाव पुरेसे बोलके असते: तिथे एलएलव्हीएमपाइप दिसले तर सर्व चित्रण प्रोसेसर करीत आहे. वाय-फायसाठी आयडब्ल्यू कमांडने बिटरेट, चॅनेलची रुंदी, वीजबचत आणि देशाचा नियामक संकेत पाहावा.

७. वेळ कुठे जातो हे पर्फला विचारा

वरच्या तुलनेत काहीच सापडले नाही, तरच प्रोफाइल, म्हणजे प्रोसेसरचा वेळ कोणत्या फंक्शनांत जातो याची नोंद, घ्यावी. पर्फचे साधन कर्नलच्या आवृत्तीशी जुळणारे बसवावे आणि चाचणी चालू असताना संपूर्ण यंत्रणेची, हाकांच्या साखळीसह, अर्ध्या मिनिटाची नोंद दोन्ही कर्नलवर करावी. मग आधी एकच प्रश्न विचारावा: नव्या कर्नलवर प्रोसेसर जास्त व्यस्त आहे की जास्त रिकामा?

तो जास्त व्यस्त असेल, तर पर्फ डिफने वर सरकलेली फंक्शने वाचावीत. नावांवरूनच दिशा कळते. एसडब्ल्यूआयओटीएलबी-बाउन्स वर असेल तर डेटा मधल्या बफरमधून दोनदा कॉपी होत आहे, म्हणजे उपकरणाचा डीएमए-मास्क (उपकरण पोहोचू शकते त्या मेमरीची मर्यादा) लहान ठरला आहे किंवा बाउन्स-बफर सक्तीने वापरले जात आहेत. रीड-एचपीईटी दिसले तर कालमापनाचा मुद्दा वाचायचा राहून गेला होता. क्लिअर-पेज वाढले असेल तर मेमरी शून्य करण्याचा पर्याय पाहावा, अप्रत्यक्ष हाकांचे थंक वाढले असतील तर सुरक्षेचे उपाय, आणि स्पिनलॉकचा मंद मार्ग वाढला असेल तर अनेक कोअर एकाच कुलुपासाठी ताटकळत आहेत. कोणत्या, ते हाकांची साखळी सांगते.

प्रोसेसर रिकामा असूनही वेग कमी असेल, तर कोणीतरी कशाची तरी वाट पाहत आहे, आणि साधी प्रोफाइल तिथे मुकी असते. अशा वेळी आयओस्टॅटच्या विस्तारित रूपातील प्रतीक्षेचा काळ आणि क्यूची सरासरी लांबी पाहावी, बीसीसी साधनांतील बायोलेटन्सीने विलंबाचे वितरण काढावे आणि ऑफसीपीयूटाइमने झोपलेल्या प्रक्रियांच्या साखळ्या पाहाव्यात. वितरणात दोन वेगळे उंचवटे दिसले, म्हणजे बहुतेक मागण्या पूर्वीइतक्याच जलद आणि काही मोजक्या खूप उशिरा, तर पुन्हा वीजबचत किंवा इंटरप्टच्या एकत्रीकरणाकडे जावे.

८. बायसेक्ट: वेळखाऊ, पण वादातीत

येथपर्यंत येऊनही कारण मिळाले नाही, किंवा मिळाले पण ते ड्रायव्हरच्या कोडमध्येच आहे असे दिसले, तर गिट बायसेक्ट करावे, म्हणजे दोन आवृत्त्यांमधले बदल दरवेळी निम्मे करत दोषी बदल शोधावा. त्याआधी वितरणाची तयार कर्नल पॅकेजेस वापरून अंतर कमी करावे. चांगली आणि वाईट आवृत्ती शेजारच्या असतील तर बांधणीचे बरेच तास वाचतात. दोन मुख्य आवृत्त्यांमध्ये पंधरा-सोळा हजार बदल असले तरी दरवेळी निम्मे वगळले जात असल्याने सुमारे १४ फेऱ्या पुरतात. लोकलमॉडकॉन्फिगने फक्त सध्या लोड असलेली मॉड्यूल निवडली की प्रत्येक बांधणी खूपच लवकर होते; मात्र चाचणीला लागणारी सर्व उपकरणे आधी जोडून ठेवावीत, नाहीतर त्यांचे ड्रायव्हरच वगळले जातात.

पाया म्हणून चांगल्या कर्नलचीच कॉन्फिगरेशन घ्यावी आणि प्रत्येक फेरीत ती मूळ प्रत पुन्हा आणून ओल्डडेफकॉन्फिग चालवावे. आधीच्या फेरीतली फाइल तशीच पुढे नेली, तर मागे-पुढे उड्या मारताना काही पर्याय गळतात आणि ते परत येत नाहीत, आणि मग आपण कोडऐवजी कॉन्फिगरेशनचे बायसेक्ट करत बसतो. वेगाच्या प्रश्नात ‘चांगले’ आणि ‘वाईट’ यांच्यामधली सीमारेषाही आधीच आकड्यात लिहून ठेवावी. समजा जुने कर्नल सेकंदाला ४ लाख वाचने देते आणि नवे ३ लाख, तर साडेतीन लाख ही सीमा. आणि एखादी फेरी नेमकी तिच्या आसपास पडली तर कौल देण्याची घाई न करता यंत्र पुन्हा बूट करून मोजावे, कारण एक चुकीचा कौल उरलेल्या सर्व फेऱ्या भलत्या दिशेला नेतो. गिटमध्ये या दोन अवस्थांना ‘फास्ट’ आणि ‘स्लो’ अशी आपली नावेही देता येतात, त्यामुळे रात्री उशिरा होणारा गोंधळ टळतो. बूटच न होणारी फेरी स्किप करावी.

हाती आलेला बदल लगेच दोषी मानू नये. नव्या कर्नलवर तेवढाच बदल मागे घेऊन मोजावे. वेग परत आला तरच पुरावा पूर्ण होतो. कधी कधी सापडलेल्या बदलाचा त्या ड्रायव्हरशी काहीच संबंध नसतो. तेव्हा मोजमापातली चूक ही एक शक्यता, पण दुसरीही आहे: एखाद्या बदलामुळे फंक्शने किंवा डेटा कॅश-ओळीच्या सीमेपलीकडे सरकतात आणि सूक्ष्म बेंचमार्कचे आकडे हलतात. ही शक्यता वगळण्यासाठी प्रत्येक फंक्शन ६४ बाइटच्या सीमेवर बसवणारा डीबग पर्याय कर्नलमध्ये दिलेला आहे.

९. कळवणे

वितरणाचे कर्नल असेल तर आधी वितरणाला कळवावे. शुद्ध कर्नलवर दोष पुन्हा दाखवता येत असेल तर थेट विकासकांना. कर्नलच्या स्वतःच्या नियमांत वेगातली घटही रिग्रेशन (आधी नीट चालणारे बिघडणे) मानली जाते, पण ती लक्षणीय असावी लागते: एखाद्या सूक्ष्म बेंचमार्कमधली पाच टक्क्यांची घट सहसा धरली जात नाही, व्यापक बेंचमार्कमध्ये एका टक्क्याहून अधिक परिणाम दिसला तर ती धरली जाते. शिवाय दोन्ही कर्नल सारख्याच कॉन्फिगरेशनने बांधलेले असणे ही अट आहे, आणि कर्नलबाहेरचे मॉड्यूल लोड असल्यास कर्नल ‘टेंटेड’ (दूषित) ठरतो, तेव्हा चाचणी त्यांच्याशिवाय करावी. मेंटेनर्स फाइल किंवा गेट-मेंटेनर स्क्रिप्ट संबंधितांची यादी देते; पत्राची प्रत रिग्रेशनच्या मेलिंग लिस्टलाही पाठवली आणि रेगझबॉट या तक्रारींचा माग ठेवणाऱ्या प्रोग्रामसाठीची ओळ त्यात घातली, तर तक्रार मागे पडत नाही.

पत्रात शेवटची चांगली आणि पहिली वाईट आवृत्ती, चाचणीची नेमकी कमांड, दोन्हीकडचे सर्व आकडे (केवळ सरासरी नव्हे), उपकरणाचा पीसीआय क्रमांक, फर्मवेअरची आवृत्ती, कॉन्फिगरेशन आणि बायसेक्टची नोंद असावी. उत्तरादाखल पॅच आला तर तो त्याच चाचणीवर तपासून निकाल कळवावा, मग तो अपुरा असला तरीही. पॅच स्थिर शाखेत येऊन वितरणापर्यंत पोहोचला की जुन्या कर्नलवरची रोक काढून टाकावी, कारण त्या कर्नलला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नसतात, आणि निदानासाठी बूट-ओळीत घातलेले पर्याय /प्रॉक/सीएमडीलाइन वाचून एकेक करून हटवावेत; मिटिगेशन्स बंद करणारा पर्याय सर्वांत आधी.